चित्राखालचं कापड

"काका, हात लावू नका हं."

एवढंच वाक्य. आवाज चढलेला नव्हता, बोलण्यात उद्धटपणा नव्हता, उलट शेवटच्या त्या 'हं'मध्ये घरातल्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं आर्जव होतं. ते वाक्य त्या मुलीला मीच शिकवलं होतं. जुलैचा दुसरा आठवडा. बाहेर बेळगावचा पाऊस, आमच्या विद्यापीठाच्या कलादालनाच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग, आणि आत मंद उजेडात साठी कधीच ओलांडलेले एक गृहस्थ एका तैलचित्रापुढे वाकून उभे. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरलेली. नातवाचं कसलंसं सर्टिफिकेट न्यायला आले होते. जेवणाच्या सुट्टीसाठी खिडकी बंद झाली, पाऊस वाढला, म्हणून समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरले. बराच वेळ ते त्या एकाच चित्रापाशी होते. मग त्यांनी चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे बोट नेलं. बोट आणि चित्र यांच्यात वीतभर तरी अंतर होतं. मुलगी बोलली आणि तव्याचा चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. "न्हाई न्हाई, लावत न्हाई," म्हणाले. मग हात कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखं त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. "चलतो बघा," म्हणाले आणि दारातली छत्री उचलून त्याच पावसात बाहेर पडले. खिडकी उघडायला अजून अर्धा तास होता.

तो अर्धा तास ते कुठे उभे राहिले असतील?

मी त्या वेळी दालनाच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी बसून मुलांच्या ड्यूटीचं वेळापत्रक लिहीत होते. सगळं ऐकलं, मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. मुलीनं नियम पाळला याचं थोडं समाधानही वाटलं, हे इथे लिहिलंच पाहिजे. रात्री भांडी घासताना मात्र ते टोपी घालणं-काढणं डोळ्यांसमोर यायला लागलं, आणि मग कितीतरी दिवस येत राहिलं.

आमचं कलादालन म्हणजे पूर्वीचा वाचनकक्ष. ३४ चित्रं, दोन काचेची कपाटं, एक लांब बाक. कुणी निवृत्त होताना दिलेली, कुणाच्या वारसांनी आणून पोचवलेली, काही स्पर्धांतून आलेली अशी ती चित्रं. तिथे १२ मुलं-मुली आळीपाळीनं उभी राहतात. ऑर्डरमध्ये त्यांना 'डोसेंट' म्हटलंय. हा शब्द लॅटिनमधल्या शिकवण्याच्या क्रियापदावरून आलेला, बोस्टनच्या ललितकला संग्रहालयानं १९०७च्या सुमारास तो चित्रं समजावून सांगणाऱ्यांसाठी वापरायला सुरुवात केली. मी मराठी शिकवते, त्यामुळे याला आपला शब्द कोणता यावर बरेच दिवस घालवले. मार्गदर्शक म्हटलं तर पीएच.डी.चे गाईड आठवतात, निवेदक म्हटलं तर गॅदरिंगचा माइक. वाटाड्या मला आवडला होता, खरं तो डोंगरातला. मुलांनी माझी वाट पाहिली नाही. ती म्हणतात, "आज माझी गॅलरीला ड्यूटी आहे." त्या ड्यूटीत ती मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून बोलतात, आणि ज्याची जी घरची नाही ती जमेल तशी बोलतात. गोकाकचा एक मुलगा आहे. त्याचं मराठी म्हणजे 'बघा की काका, हितं बघा की' एवढ्यावरच सुरू होतं, आणि तरी म्हातारी माणसं त्याच्यामागून सगळं दालन फिरतात. रंगांची नावं सांगताना तो कन्नड 'हळदि' म्हणतो, समोरच्या मावशींना हळद ऐकू येते आणि दोघांचं काम होतं. 'नीलि'चंही तसंच. 'केंपु'पाशी मात्र थांबावं लागतं, मग तो टिळ्याकडे बोट दाखवतो. मावशी म्हणतात, "तांबडा म्हण की!"

या मुलांसाठी मी एक कागद तयार केला होता. दोन्ही बाजूंनी छापलेला. त्यात चित्रकाराचं नाव, शक्य तिथे साल, माध्यम, दोन ओळी शैलीबद्दल. बेळगावात चित्रकला कशी रुजली त्याचा एक परिच्छेद होता. के. बी. कुलकर्णींसारख्या गुरूंनी इथे चित्रकारांच्या पिढ्या कशा घडवल्या, १९३५ साली बेळगावातच जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याकडे शिकून पुढे कुठल्या कुठे पोचले, असं सगळं. मुलांनी ते तोंडपाठ केलं. आणि त्या कागदाच्या डोक्यावर, पहिल्या क्रमांकाला, ठळक अक्षरांत मी लिहिलं होतं: कुणालाही चित्राला हात लावू देऊ नये. नमस्कार कसा करायचा ते सहाव्या क्रमांकावर होतं. बसायला बाक कुठे आहे हे सांगायचं, असं कुठेच नव्हतं.

नियम चुकीचा नाही. आजही मी तो खोडणार नाही. बोटांना तेल असतं, घाम असतो, घामात मीठ असतं. एकदा लावलेल्या बोटाचा डाग डोळ्यांना दिसत नाही, खरं तो वार्निशवर बसून राहतो आणि वर्षांनी काळवंडतो. ताणलेल्या कॅनव्हासला जरा दाब पडला तरी रंगाच्या थराला बारीक भेगा जाऊ शकतात. म्हणून तर जलरंगांपाशी उजेडही मोजून ठेवायचा, ५० लक्सच्या आसपास, कारण उजेडानं उडालेला रंग परत येत नाही. लोकांना वाटतं आम्ही विजेचं बिल वाचवतो. मुलं ते समजावून सांगतात आणि लोकांना पटतं. प्रत्येक 'नको'ला कारण आहे. छत्री बाहेर, पिशवी टेबलावर, पाण्याची बाटली आत नको, फ्लॅश नको, हात नको. वेगवेगळं बघितलं तर एकेक बरोबर. पावसातून आत आलेल्या माणसाच्या अंगावर ती सगळी एका दमात येतात तेव्हा त्यांचं काय होतं, हे मी बघितलं नव्हतं.

आणि एक गोष्ट आहे, ती सांगायला मला जड जातं. त्याच्या आदल्या महिन्यात एक निवृत्त प्राध्यापक आले होते, सुटाबुटातले, आमच्यातल्या बऱ्याच जणांना शिकवलेले. त्यांनी खिशातलं पेन काढून एका निसर्गचित्रावरच्या झाडापाशी, अगदी कॅनव्हासला टेकवून, ब्रशचा फटकारा कसा आहे ते दाखवलं. दोन वेळा टेकवलं. तीन मुलं तिथे होती, मी होते. कुणी बोललं नाही. मुलांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हसून मान हलवत राहिले.

मुलं कागदावरून जेवढं शिकतात, त्याहून जास्त अशा मान हलवण्यावरून शिकतात.

आपल्या भाषेत शिवणं या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. सुईदोऱ्यानं दोन तुकडे जोडतो तेही शिवणं आणि स्पर्श करतो तेही शिवणं. लहानपणी शहापुरातल्या घरी दुसराच अर्थ जास्त ऐकला. आजी सोवळ्यात असली की आम्हा नातवंडांना 'शिवू नको गं', त्यात लाड असायचा. परसदारी येणाऱ्यांसाठी मात्र वेगळी कपबशी होती, कान तुटलेली, कोनाड्यात पालथी घातलेली. त्यांना 'शिवू नका' म्हणायची गरजच पडत नसे, ते आपणच चार हात लांब उभे राहायचे. वाडवडिलांच्या घराबद्दल हे लिहिताना मान खाली जाते. ते काका कुठल्या जातीचे, कुठल्या गावचे, मला काही माहीत नाही. खरं त्यांच्या वयाच्या माणसानं देवळात, विहिरीवर, कचेरीच्या टेबलापाशी कुठे ना कुठे 'हात लावू नको' ऐकलेलंच असणार. आमच्या दालनातलं वाक्य तैलरंगाच्या काळजीतून आलेलं होतं. त्यांच्या कानांवर मात्र ते आधीच्या सगळ्या वाक्यांच्या रांगेत जाऊन उभं राहिलं असेल. हात ज्या वेगानं मागे गेला, तो वेग एका दिवसात शिकलेला नव्हता.

तीन-चार दिवसांनी ती मुलगी माझ्यापाशी आली. वडगावची आहे, तिसऱ्या वर्षाला. घरी दोन यंत्रमाग, साड्यांचे. बोलण्यापेक्षा बघण्याकडे ओढा असलेली. वहीच्या पानाशी चाळा करत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, परवा ते काका आले होते ना, ते चित्र बघत नव्हते." मी विचारलं, मग काय बघत होते? "कापड बघत होते."

माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नसावं, कारण तिनं मला हाताला धरून त्या चित्रापाशी नेलं. चित्र बाजाराचं आहे. पावसाळी दिवस, कांदे-बटाट्याची रास, डोक्यावर इरलं घेतलेली बाई. मी या चित्रावर एक छोटा लेखही लिहिला होता, त्या इरल्याच्या करड्या छटेवर तर अर्धं पान. उजव्या खालच्या कोपऱ्यात चित्रकारानं रंग पातळ ठेवलाय, इतका की खालच्या कापडाची वीण दिसते. मुलगी तिरकी उभी राहिली, मलाही तिरकं उभं केलं. खिडकीचा उजेड आडवा येत होता. त्या कोपऱ्यात, चौकटीच्या खालच्या पट्टीला लागून, कापडाला बोराएवढा फुगवटा आला होता. समोरून बघितलं तर अजिबात दिसत नव्हता. "कापड ढिलं पडलं की आधी कडेला कळतं," ती म्हणाली. "अप्पा पण असेच वाकून बघतात. त्यांनी बोट नेलं तेव्हाच मला कळलं होतं, मॅडम. खरं कागदावर तसं लिहिलं होतं म्हणून मी..." वाक्य तिनं तिथेच सोडलं.

चित्रांची डागडुजी करणाऱ्यांना दाखवलं तेव्हा उलगडा झाला. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणतात तिच्या चारही कोपऱ्यांत मागच्या बाजूनं लाकडाच्या लहान पाचरी असतात. कापड सैल पडलं की पाचर हलकेच ठोकायची, चौकट किंचित उघडते आणि कापड पुन्हा ताणलं जातं. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत कापड आणि लाकूड दोन्ही हलत राहतात. एक पाचर निसटून खाली पडली होती आणि खालची पट्टी व कापड यांच्या मधल्या फटीत अडकून बसली होती. ती तशीच राहिली असती तर त्या जागी रंगाला तडे जाऊन पुढे त्याचे पोपडे निघाले असते. कढीपत्त्याच्या पानाएवढा लाकडाचा तुकडा. तो बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. ३४ चित्रं, १२ मुलं, एक मी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते चित्र महिनाभर तरी दुखत होतं, आणि पावसातून आडोशाला आलेल्या माणसाला ते पहिल्या भेटीत दिसलं. ते सांगायला त्यांनी बोट उचललं होतं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात ते कुणी घड्याळ लावून मोजलं होतं, २००१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी २७ सेकंद. निम्म्या वेळा तर १७ सेकंदांतच माणूस पुढे सरकलेला. आमच्याकडेही काही वेगळं नाही, मोबाइलवर फोटो काढायला लागतो तेवढाच वेळ. काका त्या चित्रापाशी दहा मिनिटं तरी नक्की होते.

माझे वडील पोस्टात कारकून होते. रविवारी टिळकवाडीला वरेरकर नाट्य संघाच्या दालनात चित्रांचं काही लागलं असेल तर मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. आत गेल्यावर त्यांचे दोन्ही हात मागे जायचे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. चित्रं बघायची म्हणजे असंच उभं राहायचं असतं, असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटत होतं. तिथे ते फारसं बोलत नसत. त्यांना बोलताना मी एकदाच ऐकलं, म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात. तिथे ते दिवा हातात धरलेल्या बाईचं चित्र आहे, 'ग्लो ऑफ होप'. अंधाऱ्या जागी लावलेलं, त्यामुळे दिव्याचा उजेड तिच्या बोटांमधून खरोखर पाझरतोय असं वाटतं. आमच्या सहलीतली माणसं 'रविवर्मा, रविवर्मा' म्हणत गर्दी करून होती. मागून वडिलांचा आवाज आला, हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखा. "सावंतवाडीचे हळदणकर आहेत हे. सावळाराम हळदणकर. आणि ती त्यांची मुलगी, गीता. जलरंग आहे तो, तैलरंग नव्हे. जलरंगात चूक झाली तर पुसता येत नाही." सगळे मागे वळले. एक पोस्टातला कारकून, हात मागे बांधलेला, आणि गर्दी त्याच्याकडे तोंड करून उभी. कुणीतरी विचारलं, दिवा कसा काढला असेल? वडील म्हणाले, "ज्योत काढलेलीच नाही. बघा ना, ज्योत हाताआड आहे. काढलाय तो नुसता हात." मग लोकांनी पुन्हा चित्राकडे बघितलं, या वेळी जरा थांबून. त्या गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापुरात राहत होत्या, २०१८ साली १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. पेपरात बातमी वाचली तेव्हा वडील नव्हते. असते तर आंबोलीच्या घाटापलीकडच्या त्या चित्रकाराच्या घरातलंच कुणी गेल्यासारखे दिवसभर गप्प बसले असते.

त्या दिवशी वडिलांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं आणि लोकांनी ऐकून घेतलं. ते काका तेवढंच करू बघत होते.

मी तो कागद नवीन लिहिला. अमेरिकेत फिलिप येनावाइन आणि अबिगेल हाउझन यांनी चित्रं बघण्याची एक रीत बसवली आहे. तिच्यात दाखवणारा माणूस माहिती सांगत सुटत नाही, तीन प्रश्न विचारतो. या चित्रात काय चाललंय? तुम्हाला असं कशावरून वाटतं? अजून काय दिसतं? मी ते मुलांना दिले, आणि पहिल्या आठवड्यात ती फार अवघडली. पाठ केलेलं म्हणणं सोपं असतं, विचारून गप्प राहणं अवघड. समोरचा माणूसही गडबडतो, त्याला वाटतं परीक्षा चाललीय. "आम्हाला काय कळतंय त्यातलं," हे उत्तर तर दर दोन माणसांमागे एकाचं. गोकाकच्या मुलानं यावर स्वतःची वाट काढली. त्यानं तिन्ही प्रश्न बाजूला ठेवले आणि विचारायला लागला, "तुम्ही काय काम करता, काका?" एवढंच. शेतकरी असेल तर तो त्याला शेताच्या चित्रापाशी नेत नाही, कुठेही नेतो आणि थांबतो. एका गवंड्यानं त्याला देवळाच्या चित्रातला ओळंबा चुकल्याचं सांगितलं. खानापूरकडच्या एका कुंभारीणबाईंनी चित्रातला माठ बघून सांगितलं की हा चाकावरचा दिसतो, खरं थापीनं बडवून पुरा केलेला नाही, पाणी धरणार नाही. ते बरोबर की चूक मला ठरवता येत नाही. मुलगा ते सगळं वहीत लिहून ठेवतो. ज्या प्रश्नांना उत्तर देता आलं नाही ते लिहायची ती वही. पूर्वी तिच्यात तीनच गोष्टी सापडायच्या: किंमत किती, लाइट कमी का, हा फोटो आहे का. जुलैच्या त्या तारखेचं पान कोरं आहे.

नवा कागद लिहिताना मी कॅनव्हासबद्दल वाचत गेले. इतकी वर्षं चित्रांवर लिहूनही मी त्याच्या आत कधी शिरले नव्हते. 'तैलरंग, कॅनव्हास' असं लेबलवर लिहायचं आणि पुढे जायचं. जुन्या युरोपातलं चांगलं कॅनव्हास म्हणजे लिननचं कापड, आणि लिनन जवसाच्या झाडाच्या देठातल्या धाग्याचं. तैलरंगातलं तेलही जवसाचंच, त्याच झाडाच्या बियांचं. म्हणजे खाली जवस, वर जवस, आणि मधे माणसाचं चित्र. आपल्याकडे धाग्यासाठी जवस कुणी फारसं लावत नाही. बिया मात्र घरोघरी. भाकरीवर जवसाची चटणी आणि कच्चं तेल आमच्याकडे रोजचं, कन्नड शेजारणी तिला अगसी म्हणतात. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा वडगावच्या मुलीचा चेहरा पहिल्यांदा पूर्ण उघडला. दुसऱ्या दिवशी तिनं डबा आणला, आम्ही चटणी खाल्ली, आणि तिनं हात धुऊन, नीट पुसून, मला विचारलं की दालनात एक छोटं टेबल ठेवता येईल का.

त्या टेबलावर आता एक वीतभर चौकट आहे. कोऱ्या कॅनव्हासचा तुकडा तिच्यावर ताणलेला, मागे चार पाचरी, त्यातली एक मुद्दाम सैल सोडलेली. शेजारी घरून आणलेला, मागावर आडवा धागा नेणारा धोटा, वापरून वापरून लोण्यासारखा गुळगुळीत झालेला, आणि पिक, म्हणजे कापडातले आडवे धागे, मोजायची घडीची काच. इंचभर चौकोनातून बघायचं आणि किती धागे आडवे गेलेत ते मोजायचं, मागावरच्या माणसाच्या खिशात ती असतेच. टेबलावरची पाटी तिनं तिन्ही भाषांत लिहिली आहे. मराठीत लिहिलंय: हे हातात घ्या. कोपऱ्यात बाकही सरकवून आणलाय. लहान मुलं धोट्याची मोटार करतात, करू देतो. मोठी माणसं आधी माझ्याकडे बघतात, खरंच घेऊ का असं. तेव्हा मला अजून त्या टोपीची आठवण येते.

त्या काकांना शोधावं असंही मनात आलं. कचेरीत त्या दिवशीच्या सर्टिफिकेटांची नोंदवही असते. तिथपर्यंत जाऊन परत आले. सापडले असते तर काय बोलले असते, हे मला ठरवता आलं नाही. आणि एका माणसाला त्याच्या दारात जाऊन त्याचा अपमान पुन्हा आठवून देणं हे कुणासाठी, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हेही.

दिवाळीच्या आधी एका सोमवारी वडगावला दिवसभर लाइट नव्हती. माग बंद. मुलगी अप्पांना घेऊन आली. पांढरा शर्ट, इस्त्री मोडू नये म्हणून कोपर अंगापासून जरा लांब धरलेलं. बोटांच्या पेरांना सुताचे बारीक चर. दारात चप्पल काढायला लागले, तिनं नको म्हटलं, तरी काढलीच. आत आल्यावर हात मागे गेले. माझ्या वडिलांचेच हात. चित्रं त्यांनी एका दमात बघितली, लेक जे सांगेल त्याला मान डोलावत, आणि बाजाराच्या चित्रापाशी आल्यावर ती काही बोलली नाही. ते वाकले. तिरके झाले. कोपरा बघितला. "आता बरं हाय," म्हणाले. तिनं घरी सगळं सांगितलं असणार.

मग टेबल. काच त्यांनी न विचारता उचलली, उघडली, चौकटीवरच्या कापडावर टेकवली आणि दुसऱ्या हाताच्या नखानं हवेतच एकेक धागा ओलांडत मोजायला लागले. ओठ हलत होते. "ओंद, एरड, मूर, नाक, ऐद..." मी चमकून बघितलं. लेकीशी, माझ्याशी, सगळ्यांशी मराठी बोलणारा माणूस. मोजून झाल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. "माग शिकलो तो कन्नडात बघा, बाई," म्हणाले. "आमचे वस्ताद खासबागचे, कन्नड बोलायचे. धागं मराठीत मोजायला गेलो तर चुकतंय." चौकट उलटी केली, सैल पाचर अंगठ्यानं आत दाबली, कापडावर टिचकी मारून आवाज ऐकला. पुन्हा दाबली, पुन्हा टिचकी. मग चौकट होती तशी जागेवर ठेवली.

"कुणी विणलंय हे?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी लेबलाकडे बघितलं, सवयीनं. बाजाराच्या चित्राखालच्या लेबलाकडेही. तिथे चित्रकाराचं नाव होतं, माध्यम होतं, भेट देणाऱ्या घराचं नाव होतं.

"माहीत नाही, अप्पा," ती म्हणाली. टेबलाचा खण ओढून तिनं वही काढली, तारीख घातली आणि प्रश्न लिहायला घेतला. ते बाकावर बसून चप्पल कुठल्या दाराशी काढली ते आठवत होते.